ब्रिटनचा ‘सेटलमेंट’ व्हिसा ते नागरिकत्व : खेड्यातून दिलेल्या लेकीसाठी ही सेवा कशी आहे

एजंट मंडळी आजही ‘यूके सेटलमेंट व्हिसा’ असंच म्हणतात. नाव जुनं आहे. ब्रिटनच्या गृहखात्याच्या, म्हणजे होम ऑफिसच्या संकेतस्थळावर आता ‘फॅमिली व्हिसा’ हा शब्द आहे आणि त्यातला जोडीदाराचा प्रकार आपल्या कामाचा. हा व्हिसा मिळाला म्हणजे लेक तिकडची कायमची झाली, असा समज यवतमाळ-वाशिमकडच्या गावांत सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. पहिला व्हिसा ३३ महिन्यांचा. मग ३० महिन्यांची मुदतवाढ. पाच वर्षं भरली की कायम वास्तव्याचा परवाना, ज्याला तिकडे आयएलआर म्हणतात, आणि त्यानंतर नागरिकत्व. चार अर्ज, चार वेळा फी, चार वेळा तपासणी. ९ जुलै २०१२ च्या आधी हीच वाट दोन वर्षांची होती, त्यामुळे तेव्हा गेलेल्या आत्या-मावशीचा सल्ला आज कामाचा नाही.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. सेवा म्हणून ही व्यवस्था सरळ आहे. नियम उघड लिहिलेले आहेत, अर्ज ऑनलाइन आहे आणि पहिल्या अर्जाला कुठल्याही साहेबापुढे उभं राहून मुलाखत द्यावी लागेलच असं नाही. पण ती अतिशय महाग आहे, आणि ती माणसाकडे बघत नाही, कागदाकडे बघते. त्यातले पहिले आणि सगळ्यात निर्णायक कागद लंडनला तयार होत नाहीत, तुमच्या ग्रामपंचायतीत तयार होतात. नकार येतात तेव्हा त्यांची मुळं पुष्कळदा तिथेच सापडतात.

आधी एक प्रश्न जावयाला विचारा, तोही सोयरीक पक्की होण्याआधी. तुमच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे, आयएलआर आहे, की कामाचा व्हिसा? ‘पोरगा लंडनला असतो’ एवढ्यावर काहीच कळत नाही. कंपनीच्या कामावर गेलेला मुलगा स्किल्ड वर्करच्या व्हिसावर असेल तर बायको त्याची आश्रित म्हणून जाते, आणि तो रस्ता वेगळा. खाली जे लिहिलं आहे ते ब्रिटिश नागरिकाच्या जोडीदाराचं. नवऱ्याकडे नुसता आयएलआर असेल तरी व्हिसा हाच, पण शेवटी फरक पडतो : ब्रिटिश नागरिकाची बायको आयएलआर मिळाल्याबरोबर नागरिकत्वाचा अर्ज करू शकते, इतरांना आयएलआरनंतर आणखी १२ महिने थांबावं लागतं. इथे लेक म्हटलं तरी तिकडच्या मुलीशी लग्न केलेल्या मुलालाही हेच नियम लागू आहेत.

आता नावाचं. हा भाग शांतपणे वाचा.

ग्रामपंचायतीतलं विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र १९९८ च्या राज्याच्या कायद्याखाली मिळतं आणि ग्रामसेवक हे निबंधक असतात. तीन साक्षीदार, लग्नपत्रिका, फोटो, वयाचे दाखले, एवढ्यावर काम होतं. प्रमाणपत्रावर नाव कसं पडतं ते मात्र उभं राहून बघा. वरपक्षाचं आडनाव पासपोर्टवर ‘वानखेडे’ आणि रजिस्टरमध्ये ‘वानखडे’ हे आपल्याकडे नेहमीचं. मराठीत एका मात्रेचा फरक, पण भाषांतर इंग्रजीत गेलं की दोन वेगळी आडनावं होतात. मुलीच्या टीसीवर वडिलांचं नाव ‘मारोती’, आधारवर ‘मारोतराव’, पासपोर्टवर तिसरंच. भारतीय पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात असतं आणि स्वतःचं नाव व वडिलांचं नाव मिळून दुसऱ्या रकान्यात जातं, म्हणजे ब्रिटनच्या नोंदीत वडिलांचं नाव हा तिच्याच नावाचा भाग ठरतो. लग्नानंतर घाईघाईने आधारवर नवऱ्याचं नाव चढवलं आणि पासपोर्ट माहेरच्या नावाचा राहिला, तर कागदोपत्री त्या दोन बाया झाल्या.

आमचा सल्ला स्पष्ट आहे : पासपोर्ट हा पाया धरा आणि बाकी सगळं त्याच्याशी जुळवा. ब्रिटनच्या व्हिसासाठी नाव बदलणं बंधनकारक नाही. माहेरचं नाव ठेवलं तरी चालतं, विवाह प्रमाणपत्र दोन्ही नावं जोडून देतं. बदलायचंच असेल तर पासपोर्ट, आधार, पॅन आणि बँक खातं सगळं अर्जाच्या आधी बदला. अर्धं बदललेलं नाव सगळ्यात वाईट. प्रमाणपत्रात चूक असेल तर ती तिथेच, नोंदवहीत दुरुस्त करून घ्या. वरून खाडाखोड करून शिक्का मारलेला कागद पाठवू नका.

प्रमाणपत्राचा जो भाग मराठीत आहे त्याचं इंग्रजी भाषांतर लागतं. भाषांतर अचूक असल्याचं भाषांतरकाराचं विधान, तारीख, पूर्ण नाव, सही आणि संपर्क, एवढं त्यावर हवं. परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिलचा शिक्का, म्हणजे कागद परदेशात खरा मानावा म्हणून मारतात तो, या व्हिसासाठी लागत नाही. त्याचे हजारो रुपये कोणी मागत असेल तर देऊ नका. बौद्ध पद्धतीने लागलेलं लग्नही हिंदू विवाह कायद्याखालीच येतं, त्यात अडचण नाही. नवरा दुसऱ्या धर्माचा असेल तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्यापुढे नोंदणी होते आणि त्याआधी ३० दिवसांची नोटीस असते, ते दिवस हिशेबात धरा.

दोघांपैकी कोणाचं आधी लग्न झालेलं असेल तर कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूमनामा लागतो. पंचांसमोर लिहिलेली सोडचिठ्ठी, मग ती पाचशेच्या स्टॅम्पवर असली तरी, इथे पुरेशी धरू नका. जोडीदार वारला असेल तर मृत्यूचा दाखला. आणि आधीचं लग्न लपवू नका. खोटी माहिती किंवा खोटा कागद सापडला तर दहा वर्षांपर्यंतची बंदी येऊ शकते. पूर्वी कुठल्याही देशाने नाकारलेला व्हिसासुद्धा सांगावाच लागतो.

पैशाच्या अटीबद्दल आपल्याकडे सगळ्यात जास्त गैरसमज आहे. ११ एप्रिल २०२४ पासून तिकडच्या जोडीदाराचं वार्षिक उत्पन्न किमान २९,००० पौंड हवं. त्याआधी ही रक्कम १८,६०० होती, आणि ज्यांनी त्या तारखेच्या आधी पहिला अर्ज केला त्यांना त्याच जोडीदारासाठी पुढच्या टप्प्यांवरही जुनीच रक्कम लागू राहते. हे उत्पन्न नवऱ्याचं. मुलगी इकडे शिक्षिका असो की बँकेत, तिचा इकडचा पगार पहिल्या अर्जात धरत नाहीत.

आणि वडिलांचं वावर तर अजिबात धरत नाहीत. सातबारा, आठ-अ, प्लॉटचं मूल्यांकन, सीएचं ‘नेटवर्थ’ प्रमाणपत्र, हे सगळं फिरायला जायच्या व्हिसाला लोक लावतात आणि सवयीने इथेही लावतात. उपयोग शून्य, आणि त्या जाड फाईलमध्ये खरे कागद हरवतात. लागतं ते असं : नवरा एकाच ठिकाणी सहा महिने किंवा जास्त नोकरीत असेल तर सहा महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या, त्याच सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आणि कंपनीचं पत्र ज्यात पगार, नोकरीचा प्रकार आणि किती दिवसांपासून आहे ते लिहिलेलं. प्रत्येक चिठ्ठीवरचा हातात पडलेला आकडा स्टेटमेंटमध्ये जसाच्या तसा दिसला पाहिजे. ठरीव पगार असेल आणि सहा महिन्यांत तो मध्येच वाढला असेल, तर सगळ्यात कमी असलेला पगार धरतात, म्हणून वाढ मिळाल्यावर लगेच अर्ज करण्यात अर्थ नाही. शेवटचा कागद अर्जाच्या तारखेपासून मागे २८ दिवसांच्या आतला हवा. जुनी स्टेटमेंटं लावल्यामुळे पगार भरपूर असूनही नकार येऊ शकतो.

पगार पुरत नसेल तर बचत चालते. उत्पन्न अजिबात नसेल तर ८८,५०० पौंड. हा आकडा असा येतो : पहिले १६,००० पौंड सोडून द्यायचे आणि वर २९,००० ची अडीचपट. पैसा सहा महिने मुलीच्या, नवऱ्याच्या किंवा दोघांच्या नावावर आणि ताब्यात हवा. वडिलांनी दिलेली भेट चालते, उसनवार चालत नाही. कापूस-सोयाबीनचा पैसा दिवाळीनंतर आला आणि जानेवारीत खात्यात भरला तर जुलैपर्यंत थांबा. अर्जाच्या आदल्या आठवड्यात पाहुण्यांकडून गोळा करून भरलेली मोठी रक्कम मोजतच नाहीत, उलट शंका वाढवते.

राहण्याच्या जागेची अट सोपी आहे. भाडेकरार किंवा मालकीचा कागद आणि गर्दी नसल्याचा पुरावा पुरतो.

नातं खरं आहे हे दाखवायला फोटो, फोनवरचं बोलणं, येण्या-जाण्याची तिकिटं लागतात. दोघांची प्रत्यक्ष भेट झालेली असलीच पाहिजे. ठरवून केलेल्या लग्नाला काही अडचण नाही, फक्त ते कसं ठरलं हे एका पानात नीट लिहा : कोणी सुचवलं, बघण्याचा कार्यक्रम कधी, साखरपुडा, हळद, लग्न, नवरा परत कधी गेला. व्हॉट्सॲपची चारशे पानं छापू नका. दर महिन्याचं एखादं पान, लग्नाआधीपासून आजपर्यंतचं, पुरेसं आहे.

इंग्रजीची परीक्षा पहिल्या टप्प्याला ए१ या सगळ्यात सोप्या पातळीची, मुदतवाढीला त्यावरची ए२, आयएलआर आणि नागरिकत्वाला त्याहून वरची बी१. फक्त बोलणं आणि ऐकणं, लिहायचं नाही. आयएलटीएस लाइफ स्किल्स ही त्यातली एक मान्य परीक्षा. त्यात दोन उमेदवार आणि एक परीक्षक असतात, निकाल पास किंवा नापास. नेहमीचं आयएलटीएस, जे पोरं कॅनडासाठी देतात, ते इथे चालत नाही. मुलगी मराठी माध्यमाची असली तरी बारावी झालेली असेल तर दोन-तीन महिन्यांच्या बोलण्याच्या सरावात थेट बी१ द्यावी, असं आमचं मत. एका अर्जात मान्य झालेली वरच्या पातळीची परीक्षा पुढेही वापरता येते, तीनदा फी आणि तीनदा धास्ती घेण्याऐवजी एकदाच भागतं. अमरावती किंवा नागपूर विद्यापीठाची इंग्रजी माध्यमाची पदवी असेल तर परीक्षेऐवजी ती चालते, पण ‘एक्टिस’ या ब्रिटिश संस्थेकडून पदवीची पातळी आणि माध्यम दोन्ही प्रमाणित करून घ्यावं लागतं. त्यासाठी विद्यापीठाचं माध्यमाचं पत्र लागतं, आणि ते मिळवायला विद्यापीठात खेटे घालावे लागतात, म्हणून आधीच सुरू करा.

टीबीची तपासणी फक्त ब्रिटनने मान्य केलेल्या दवाखान्यातच. जिल्हा रुग्णालयाचा एक्स-रे चालत नाही. आपल्याकडून मुंबई किंवा हैदराबाद गाठावं लागतं. प्रमाणपत्र सहा महिने चालतं. एक्स-रेमध्ये डाग दिसला तर थुंकी तपासतात आणि तिच्या कल्चरचा निकाल यायला सुमारे दोन महिने लागतात. पूर्वी टीबी होऊन बरा झालेला असेल तर उपचाराचं कार्ड आणि जुने एक्स-रे सोबत न्या. गरोदर असेल तर तिथे पोचताच सांगा, त्यांच्यासाठी वेगळी सोय असते.

बोटांचे ठसे आणि फोटो देण्याची जागा व्हीएफएस ही खाजगी कंपनी चालवते. निर्णय त्यांचा नसतो, ते फक्त कागद आणि ठसे पुढे पाठवतात. खिडकीवर एसएमएस, आरामखोली, कागद स्कॅन करून देणं असे जादा पैशाचे पर्याय पुढे येतात. त्यातलं काहीही घेतलं नाही तरी निकालावर परिणाम होत नाही. कागद घरूनच, नीट उजेडात, सरळ स्कॅन करून चढवा. मोबाईलवर काढलेला तिरपा फोटो, ज्यात शिक्का पुसट आहे, हे अर्ज अडकण्याचं अगदी फालतू पण खरं कारण. बुलडाणा-अकोल्याकडून मुंबई सोपी, चंद्रपूर-गडचिरोलीकडच्यांना बल्लारशाहवरून हैदराबाद जवळ. टीबीची फेरी आधी आणि ठशांची नंतर ठेवा. एकाच दिवसात दोन्ही उरकायच्या नादात टीबीचा कागद वेळेवर हातात नसतो.

आता एक गोष्ट, जिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. ऑनलाइन अर्जाच्या सुरुवातीलाच ईमेल आणि मोबाईल नंबर मागतात. तालुक्याच्या ठिकाणचा संगणकवाला किंवा एजंट तिथे स्वतःचा ईमेल टाकून मोकळा होतो. २०२४ च्या अखेरीस प्लास्टिकची जुनी ओळखपत्रं संपली आणि वास्तव्याचा दर्जा आता ई-व्हिसा म्हणून ऑनलाइन खात्यातच राहतो. खात्यात शिरायचा कोड त्या नोंदवलेल्या ईमेलवर किंवा नंबरवर जातो. चार वर्षांनी तो संगणकवाला धंदा बंद करून गेला, की मुलगी स्वतःच्याच खात्याबाहेर. म्हणून अर्ज भरायच्या आधी मुलीच्या नावाचा नवा ईमेल काढा, पासवर्ड तिच्या डायरीत लिहा, आणि पानावर तिचाच ईमेल पडला आहे हे तिने स्वतः वाचून मगच पुढे जा. पासपोर्ट नवा काढला तर तोही त्या खात्याला जोडावा लागतो, नाहीतर विमानतळावर अडचण येते.

एजंट लागतो का? साधी केस असेल तर नाही. इंग्रजी समजणारं माणूस घरात असेल तर अर्ज भरता येतो. पूर्वीचा नकार, स्वतःचा धंदा असलेला नवरा, आधीच्या लग्नाची मुलं, अशा वेळी तिकडच्या नोंदणीकृत इमिग्रेशन वकिलाला पैसे द्या. ‘आमची आतमध्ये ओळख आहे’ असं म्हणणाऱ्याकडून उठून या.

खर्च. एप्रिल २०२५ मध्ये लागू झालेले दर असे होते. पहिला अर्ज १,९३८ पौंड, त्यासोबत आरोग्य अधिभार, म्हणजे तिकडची सरकारी आरोग्यसेवा वापरण्याचे पैसे, वर्षाला १,०३५ या दराने तीन वर्षांचे ३,१०५. मुदतवाढ १,३२१, आणि अधिभार अडीच वर्षांचा २,५८७.५०. आयएलआर ३,०२९. नागरिकत्व १,७३५, त्यातच शपथविधीचे १३० आले. आयएलआरसाठी द्यायच्या ‘लाइफ इन द यूके’ परीक्षेचे ५०. बेरीज होते १३,७६५.५०. पौंड ११५ रुपयांचा धरला तर पंधरा लाख ऐंशी हजारांच्या वर, आणि यात टीबी, भाषांतर, इंग्रजी परीक्षा, गाडीभाडं नाही. दर बहुतेक एप्रिलमध्ये बदलतात, म्हणून भरताना त्या दिवशीचाच आकडा बघा. नकार आला तर अर्जाची फी परत मिळत नाही, आरोग्य अधिभार मिळतो. हा पैसा पाच-सहा वर्षांत चार हप्त्यांत लागतो, तेव्हा सोयरिकीच्या बैठकीतच दोन्ही घरांनी बोलून घ्यावं की तो कोण भरणार. लग्नानंतर बोलायला ही रक्कम फार मोठी आहे.

बाहेरून केलेल्या अर्जाला १२ आठवडे धरायचे. नकार आला तर बहुतेक वेळा अपिलाचा हक्क असतो आणि मुदत २८ दिवसांची. नकाराचं पत्र शेवटपर्यंत वाचा. कागद कमी पडला असेल तर कित्येकदा अपिलात महिनोन्‌महिने बसण्यापेक्षा नवा, पूर्ण अर्ज लवकर सुटतो. आणि एक वाट बंद आहे हे लक्षात ठेवा : फिरायच्या व्हिसावर जाऊन तिथेच जोडीदाराच्या व्हिसात बदल करता येत नाही.

व्हिसा आला की गणित सुरू. ३३ आणि ३० मिळून ६३ महिने, पण पाच वर्षं म्हणजे ६० महिने मोजतात ते ब्रिटनमध्ये पाऊल ठेवल्यापासून. हातात शिल्लक फक्त तीन महिने. धाकट्याचं लग्न होऊन जाऊ दे, अक्षय्य तृतीया करून जा, असं म्हणत मुलगी चार महिने थांबली तर शेवटी ६० महिने भरायच्या आत परवाना संपतो आणि आणखी एक मुदतवाढ, म्हणजे २०२५ च्या दराने आणखी ३,९०८.५० पौंड. मुदतवाढीचा अर्ज फार लवकर केला तरी हेच होतं. जुन्या परवान्याचे उरलेले दिवस २८ पर्यंतच पुढे जोडून देतात. आयएलआरचा अर्जही ६० महिने पूर्ण व्हायच्या आधी २८ दिवसांपेक्षा लवकर करू नये. परवाना संपायच्या आत अर्ज गेला पाहिजे. गेला असेल तर निर्णय लागेपर्यंत जुने हक्क चालू राहतात. पण मुदतवाढ किंवा आयएलआरचा अर्ज चालू असताना देश सोडला तर अर्ज मागे घेतला असं धरतात. गावात कितीही मोठं कार्य असलं तरी त्या काळात यायचं नाही.

मुदतवाढ आणि आयएलआर, दोन्हीला एकत्र राहिल्याचा पुरावा लागतो : मागच्या दोन वर्षांत सारख्या अंतराने आलेली सहा पत्रं, किमान तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून, दोघांच्या नावाने किंवा त्याच पत्त्यावर वेगवेगळी. इथे आपल्याकडची सवय आड येते. वीजबिल नवऱ्याच्या नावावर, बँक नवऱ्याची, घरपट्टीही त्याचीच. मुलीच्या नावाने घरात एक पत्र येत नाही, आणि दोन वर्षांनी दाखवायला काही नसतं. पोचल्यापासून पहिल्या महिन्यात तिचं बँक खातं, डॉक्टरकडे नोंदणी आणि कौन्सिल टॅक्सच्या, म्हणजे तिकडच्या घरपट्टीच्या, बिलावर दोघांची नावं, एवढं झालंच पाहिजे. पत्रं टाकून देऊ नका, पाकिटासकट फाईलला लावा.

या व्हिसावर पहिल्या दिवसापासून नोकरी करता येते. मुदतवाढीपासून तिचा तिकडचा पगारही त्या २९,००० मध्ये धरतात, ही मोठी सोय आहे. सरकारी भत्ते मात्र घेता येत नाहीत.

ही सेवा एका बाबतीत फार चांगली आहे आणि तीच गोष्ट आपल्या गावांत कोणाला ठाऊक नाही. नवरा किंवा सासरचे मारहाण करतात, पैसे अडवतात, कोंडून ठेवतात, आणि वर ‘व्हिसा रद्द करून परत पाठवू’ म्हणतात. नवऱ्याला व्हिसा रद्द करण्याचा अधिकार नाही, तो होम ऑफिसचा आहे. छळामुळे लग्न मोडलं तर पाच वर्षं भरायची वाट न बघता थेट आयएलआरचा अर्ज करता येतो, आणि हातात पैसा नसेल तर फी माफ होऊ शकते. तोपर्यंत तीन महिन्यांची सवलत मिळते, ज्यात भत्ते आणि निवारा मागता येतो. सणाला म्हणून माहेरी आणून सोडलं, पासपोर्ट काढून घेतला आणि नवरा एकटाच परत गेला, हा छळाचाच प्रकार मानतात, आणि ३१ जानेवारी २०२४ पासून अशी स्त्री भारतातूनही परत जाण्याचा अर्ज करू शकते. तिकडची मोफत, चोवीस तासांची हेल्पलाइन ०८०८ २००० २४७. मुलगी जाण्याआधी हा नंबर तिच्या डायरीत लिहून द्या. नवरा वारला तरीही आयएलआरची वेगळी तरतूद आहे.

आयएलआरसाठी ‘लाइफ इन द यूके’ परीक्षा. २४ प्रश्न, ४५ मिनिटं, १८ बरोबर आले की पास. प्रश्न इंग्रजीत, अधिकृत पुस्तकातून. इतिहासाच्या प्रकरणात राजे आणि सनावळ्या फार, तिथे मुली अडखळतात. रोज एक प्रकरण आणि सराव प्रश्न असं दोन महिने पुरतं. एकदा पास झालं की तेच नागरिकत्वालाही चालतं. सर्वसाधारण स्थलांतरितांसाठी पाच वर्षांची मुदत दहावर नेण्याचा प्रस्ताव ब्रिटन सरकारच्या मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत आला, पण ब्रिटिश नागरिकांच्या जोडीदारांसाठी पाचच वर्षं ठेवायची असं त्यातच म्हटलं आहे. आयएलआर मिळाल्यावर सलग दोन वर्षांहून जास्त बाहेर राहिलं तर तो जातो.

नागरिकत्वासाठी ब्रिटिश जोडीदाराला तीन वर्षांचं वास्तव्य बघतात. त्या तीन वर्षांत देशाबाहेर २७० दिवसांपेक्षा जास्त नको, शेवटच्या वर्षात ९० पेक्षा जास्त नको. जाण्याचा आणि येण्याचा दिवस बाहेरचा धरत नाहीत. शिवाय अर्ज पोचण्याच्या बरोबर तीन वर्षं आधीच्या तारखेला ती प्रत्यक्ष ब्रिटनमध्ये असली पाहिजे. नेमक्या त्याच दिवशी ती गावात लग्नाला आलेली असेल तर अर्ज काही आठवडे पुढे ढकला. बाळंतपणाला माहेरी यायचं असेल तर हे दिवस आधी मोजा. ब्रिटिश बापाचं तिकडे जन्मलेलं मूल जन्मतःच ब्रिटिश असतं, त्यामुळे बाळंतपण तिकडेच केलेलं सोयीचं. दोन ओळख देणारे लागतात, तीन वर्षांपासून ओळखणारे, नात्यातले नसलेले. एक शिक्षक-डॉक्टरसारखा पेशाचा माणूस, दुसरा साधारणपणे २५ वर्षांवरचा ब्रिटिश पासपोर्टधारक. सगळे मित्र आपल्याच गोतावळ्यातले असतील तर इथे अडचण येते. निर्णयाला सहा महिने धरा, मग तीन महिन्यांच्या आत शपथविधी.

शपथ घेतली त्या क्षणी, १९५५ च्या आपल्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार, भारतीय नागरिकत्व संपतं. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. त्यानंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करायचा नाही, तो परत करून सरेंडर प्रमाणपत्र घ्यायचं आणि त्यावर ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं कार्ड, काढायचं. ब्रिटिश पासपोर्ट, सरेंडर आणि ओसीआय या तिन्हीत काही महिने जातात. शपथेनंतर लगेच गावी यायचा बेत ठेवू नका.

आणि शेवटी वावराचं. कायदा इथे नीट समजून घ्या, कारण गावात यावर भलतंसलतं बोलतात. परदेशी नागरिक झाली म्हणून मुलीचा वडिलोपार्जित हिस्सा जात नाही. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, आणि वारसाने आलेली शेतजमीन ती ठेवू शकते. मात्र ओसीआय झाल्यावर, किंवा त्याआधी एनआरआय असतानाही, तिला शेतजमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीसपत्रानेही घेता येत नाही. वडिलांना हयातीतच लेकीच्या नावावर एकर-दोन एकर करायचं असेल तर ते ती जायच्या आधी करावं लागतं. भाऊ हक्कसोडपत्र मागत असतील तर घाईत सही नको. ती तिकडे असताना मुखत्यारपत्र द्यावं लागलं, तर ते भारतीय दूतावासात साक्षांकित होऊन इकडे आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो, तेव्हा पाकीट कोणत्या तारखेला आलं ते त्यावरच लिहून ठेवा. बँकेतलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्याचं इकडचं खातं, करून घ्या, आणि नागरिकत्व झालं की गावच्या मतदार यादीतलं नाव नमुना ७ भरून कमी करा.